जुन्या कॉम्प्युटरची रॅम वाढवावी का? पैसे घालण्याआधी काय तपासावं

केरी (पेडणे) : तेरेखोल नदीच्या मुखाशी असलेल्या केरीपासून पेडणे, डिचोली, दोडामार्ग, सावंतवाडीपर्यंतच्या पट्ट्यात दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले डेस्कटॉप अजून रोजच्या कामात आहेत. किराणा दुकानाचा हिशेब, झेरॉक्स सेंटरमधली टायपिंगची कामं, होमस्टेवाल्यांची परदेशी पाहुण्यांची ऑनलाइन नोंद, मुलांचे प्रोजेक्ट असं सगळं त्यांच्यावरच चालतं. गोव्यातला एक-चौदाचा उतारा असो, महाराष्ट्रातला सातबारा असो की कर्नाटकातली आरटीसी, तीही आता कॉम्प्युटरवरच बघायची असते. या सगळ्या मशीनची तक्रार मात्र एकच : ‘पीसी स्लो झालाय.’ आणि सल्लाही एकच मिळतो : ‘रॅम वाढव, पळायला लागेल.’

हा सल्ला कधी अगदी बरोबर ठरतो, तर कधी पैसे पाण्यात जातात. दोन्ही वेळा मशीन बाहेरून सारखंच दिसतं, म्हणून खरेदीआधी तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. एक, रोजच्या कामात रॅम खरोखरच कमी पडते आहे का? दोन, हा मदरबोर्ड आणि ही विंडोज जास्त रॅम घेईल का? तीन, हा कॉम्प्युटर अजून निदान दोन वर्षं सुरक्षितपणे वापरता येईल का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर रॅम घ्यावी. एकाचं जरी ‘नाही’ आलं, तर पैसा दुसरीकडे लावणं शहाणपणाचं.

रॅम नेमकं काय करते?

दुकानाचं उदाहरण घेऊ. रॅम म्हणजे काउंटर आणि हार्डडिस्क म्हणजे मागचं गोदाम. गिऱ्हाइकाला लागणारा माल काउंटरवर असेल तर काम झटपट होतं. काउंटर भरला की थोडा माल गोदामात ठेवायचा, दुसरा आणायचा, अशा खेपा सुरू होतात. कॉम्प्युटरही तेच करतो. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवर उतरवते आणि लागेल तेव्हा परत आणते.

या खेपांना किती वेळ लागतो ते पाहण्यासारखं आहे. रॅममधून माहिती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीतून साधारण १०० मायक्रोसेकंद आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कमधून साधारण १० मिलिसेकंद. रॅमचा वेळ एक सेकंद धरला, तर एसएसडीला सुमारे १७ मिनिटं आणि हार्डडिस्कला जवळपास २८ तास लागतील. रॅम भरल्यावर माउसचा बाण अडकतो आणि सीपीयूवरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो, तो यामुळेच.

पण याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. काउंटर अर्धा रिकामा असेल, तर तो आणखी लांब करून विक्री वाढत नाही. रॅम पुरेशी असताना वाढवलेली रॅम नुसती पडून राहते.

किनाऱ्यावरच्यांनी आधी साफसफाई करावी

केरी, हरमल, रेडी, आरोंदा अशा खारं वारं लागणाऱ्या गावांत एक गोष्ट आधी पाहायला हवी. खारट, दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटमध्ये मळाचा थर धरतो. मग मशीन मध्येच बंद पडतं, निळा स्क्रीन येतो, बटण दाबल्यावर डिस्प्ले न येता नुसते बीप वाजतात. कधी दोनपैकी एकच स्टिक ओळखली जाते, म्हणजे ४ जीबी असूनही २ जीबीच दिसते. अशा वेळी ‘रॅम गेली’ म्हणून नवी घेण्याची घाई होते.

आधी पुढचा उपाय करून बघावा. प्लगचा स्विच बंद करून वायर काढावी. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरावं. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या कड्या उघडून स्टिक सरळ वर काढावी. सोनेरी पट्ट्या स्वच्छ, मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसून कोरड्या ब्रशने चुरा झाडावा. स्लॉटमधली धूळही ब्रशने काढावी, फुंकर मारू नये, कारण तोंडातली वाफ आत जाते. स्टिक परत बसवताना दोन्ही कड्या ‘टक’ आवाज करून लागल्या पाहिजेत.

एवढ्यावरही मशीन बंद पडत राहिलं, तर विंडोजमधलं ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चालवावं. स्टार्टमध्ये तेच नाव टाइप केलं की सापडतं. त्यात चूक दिसली, तर एकेक स्टिक लावून पाहावी. खराब स्टिक ओळखली की तीच बदलायची. हा झाला दुरुस्तीचा खर्च. रॅम वाढवण्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

कमी काय पडतंय, ते पाच मिनिटांत कळतं

रोज जेवढं काम एका वेळी उघडलेलं असतं, तेवढं सगळं उघडावं : अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, ब्राउझरचे नेहमीचे टॅब, वर्ड, वॉट्सॲप वेब. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जाऊन मेमरी, डिस्क आणि सीपीयू या तिन्हींचे आकडे काम करता करता पाहावेत. नुकत्याच सुरू केलेल्या मशीनवर पाहिलं तर चुकीचं चित्र दिसतं, म्हणून पंधरा-वीस मिनिटं काम झाल्यावर बघावं.

मेमरी ६०-७० टक्के भरलेली दिसली तर घाबरायचं कारण नाही. विंडोज मोकळी रॅम स्वतःच वापरात घेते. ती सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल आणि त्याच वेळी डिस्कही धावत असेल, तर रॅम खरोखर कमी आहे. तिथेच ‘कमिटेड’ असा आकडा असतो. मशीनमध्ये ४ जीबी रॅम असताना तो नेहमी पाच-सहा जीबीवर असेल, तर कामाची गरज रॅमपेक्षा मोठी आहे.

मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क १०० टक्के, असं चित्र असेल तर अडचण हार्डडिस्कची आहे. तिथे रॅम घालून काही होणार नाही. सीपीयूच १०० टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर दमलाय, किंवा एखादा नको तो प्रोग्रॅम मागे चालू आहे. आणि तिन्ही आकडे कमी असूनही फक्त वेबसाइट हळू उघडत असतील, तर दोष बहुधा इंटरनेट लाइनचा असतो.

टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात जाऊन नको ते प्रोग्रॅम बंद करणं आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘मेमरी सेव्हर’ चालू करणं, या दोन गोष्टी फुकट आहेत. त्या करून पुन्हा एकदा आकडे पाहावेत.

किती रॅम पुरते?

विंडोज १० असलेल्या मशीनवर २ जीबीत आजचा ब्राउझर नीट चालत नाही. ४ जीबीवर एका वेळी एकच काम निभावतं, दोन-तीन उघडली की अडतं. ऑफिसचं काम, हिशेब, ब्राउझरचे आठ-दहा टॅब आणि ऑनलाइन वर्ग यांना ८ जीबी पुरते. म्हणून ४ वरून ८ वर जाण्यात फरक जाणवतो. ८ वरून १६ वर जाण्याचा फायदा फोटो-व्हिडिओ एडिटिंग, मोठं डिझाइनचं काम करणाऱ्यांनाच. घरगुती वापरासाठी जुन्या मशीनमध्ये १६ जीबी भरणं म्हणजे उगाचचा खर्च.

वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनमध्ये स्क्रीनवरच्या चित्रासाठी लागणारी जागाही रॅममधूनच कापली जाते. ४ जीबी लावूनही वापरायला कमी दिसते, त्याचं हे एक कारण.

३२-बिट विंडोज असेल तर थांबा

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. घरगुती ३२-बिट विंडोजला ४ जीबीपलीकडची रॅम वापरताच येत नाही, आणि त्यातलीही प्रत्यक्षात तीन-साडेतीन जीबीच हाती लागते. अशा मशीनमध्ये ८ जीबी घातली तरी वरची रॅम वाया. सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडलं की ३२-बिट की ६४-बिट ते कळतं. प्रोसेसर ६४-बिटचा असेल, तर पूर्ण फॉरमॅट मारून ६४-बिट विंडोज घालता येते.

पण फॉरमॅट मारण्याआधी मराठी टायपिंग करणाऱ्यांनी, झेरॉक्सवाल्यांनी आणि डीटीपीवाल्यांनी जपून राहावं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टची सॉफ्टवेअर, त्यांचे डोंगल आणि जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर ६४-बिटवर चालतीलच असं नाही. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, पावतीपुस्तकांच्या फाइल नंतर उघडेनाशा होतात. आधी सगळ्या फाइलची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, महत्त्वाच्या फाइलचा पीडीएफ करून ठेवावा, मगच हात घालावा.

बोर्डाला कुठली रॅम बसते?

डेस्कटॉपच्या रॅमच्या पिढ्या आहेत : डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५. एकीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ला २४० पिन, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ला २८८ पिन असतात. पिन सारख्या असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते. व्होल्टेजही वेगळं : डीडीआर२ला १.८, डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२ आणि डीडीआर५ला १.१ व्होल्ट. म्हणून बसत नसेल तर जोर लावू नये, स्लॉट तुटतो. लॅपटॉपची स्टिक आखूड असते, ती साध्या डेस्कटॉप बोर्डाला चालत नाही.

बोर्डाची मर्यादाही असते. आपल्याकडे असेंबल केलेल्या जुन्या मशीनमध्ये इंटेलच्या जी३१, जी४१, एच६१, एच८१ या चिपसेटचे बोर्ड बरेच सापडतात. जी३१वर कमाल ४ जीबी चालते. जी४१च्या बहुतेक बोर्डांवर ८ जीबी. एच६१ आणि एच८१वर दोन स्लॉट मिळून १६ जीबीपर्यंत. जी४१वाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप्स असलेली ४ जीबीची स्टिक त्यावर चालते, एकाच बाजूला ८ चिप्स असलेली बहुधा चालत नाही.

किती स्लॉट भरलेत ते विंडोज १०च्या टास्क मॅनेजरमध्येच मेमरीच्या खाली दिसतं. विंडोज ७ असेल तर ‘सीपीयू-झेड’ नावाचा मोफत प्रोग्रॅम ही सगळी माहिती देतो. नवी स्टिक शक्यतो जुनीच्याच क्षमतेची आणि वेगाची घ्यावी. दोन सारख्या स्टिक जोडीने काम करतात आणि त्याचा थोडा फायदा मिळतो. वेग वेगळे असतील तर दोन्ही कमी वेगावर चालतात : १६००ची स्टिक १३३३च्या जोडीला लावली की तीही १३३३वरच धावते.

रॅम आधी की एसएसडी आधी?

मशीनमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल आणि रॅम ४ जीबी किंवा त्याहून जास्त असेल, तर बहुतेक घरांत पहिला खर्च एसएसडीवर करणं फायद्याचं. विंडोज सुरू व्हायला लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात, आणि रॅम भरली तरी डिस्कवरच्या खेपा पूर्वीइतक्या जाचत नाहीत. अडीच इंची साटा एसएसडी साटा पोर्ट असलेल्या जुन्या बोर्डालाही लागते. पोर्ट जुना असेल तर तिचा पूर्ण वेग मिळत नाही, तरीही हार्डडिस्कपेक्षा ती कितीतरी पुढे असते.

हिशेबाच्या दृष्टीने आणखी एक फरक आहे. पुढे नवीन डेस्कटॉप घेतला, तर साटा एसएसडी काढून त्यात लावता येते. डीडीआर३ रॅम नव्या मशीनला उपयोगाची नाही. एसएसडीवरचा पैसा तुमच्याबरोबर पुढे जातो, जुन्या रॅमवरचा त्या मशीनबरोबरच संपतो. मात्र २ जीबी रॅम असलेल्या मशीनला नुसत्या एसएसडीने पुरेसा फरक पडत नाही. तिथे दोन्ही लागतात, आणि दोन्ही घालण्याइतकं ते मशीन मोलाचं आहे का, हा प्रश्न येतो.

विंडोज १०ची मुदत

इथे तिसरा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून सुरक्षेचे अपडेट घेण्याची वाढीव सोय देण्यात आली, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची. विंडोज ७ तर १४ जानेवारी २०२०लाच संपली. विंडोज ७ आणि ८.१ला मिळालेली क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही आहे. त्यामुळे अशा मशीनवर एखादी सरकारी किंवा बँकेची साइट उघडत नसेल, तर कितीही रॅम घातली तरी ती उघडणार नाही. अडचण ब्राउझरच्या वयाची आहे.

विंडोज ११ला ४ जीबी रॅम पुरते असं मायक्रोसॉफ्टची यादी सांगते. पण टीपीएम २.० आणि मान्य यादीतला प्रोसेसर, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, या अटी जुन्या मशीन ओलांडू शकत नाहीत. ढोबळ खूण अशी : मशीनमध्ये डीडीआर३ असेल तर ते विंडोज ११च्या यादीत जवळपास कधीच नसतं. रॅम वाढवली म्हणून ते त्या यादीत येत नाही.

ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचं काम होतं, तिथे सुरक्षेचे अपडेट बंद पडलेली विंडोज चालवणं धोक्याचं. लिनक्स घालणं हा एक रस्ता आहे. लिनक्स मिंटला किमान २ जीबी लागते, ४ जीबीवर ते बरं चालतं, आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टायपिंगही होतं. पण विंडोजवरच चालणारं अकाउंटिंग किंवा डिजिटल सहीचं काम असेल, तर ते आधी तपासून घ्यावं.

बाजारात जाताना

केरीवाल्यांना रॅमसाठी पेडणे किंवा म्हापसा गाठावं लागतं, नाहीतर किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्यामार्गे सावंतवाडी. चुकीची स्टिक आणली तर बदलून आणायला पुन्हा अख्खा दिवस. म्हणून जाताना जुनी स्टिकच काढून कागदात गुंडाळून सोबत न्यावी, किंवा तिच्या लेबलचा आणि बोर्डावरच्या नावाचा स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये घ्यावा. जमलं तर सीपीयूच नेऊन दुकानातच लावून बघावा.

ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या डीडीआर३ स्टिकमध्ये काही फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणाऱ्या असतात. ती ओळ बारीक अक्षरांत लिहिलेली असते. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड ईसीसी’ रॅमही साध्या डेस्कटॉपला चालत नाही. सेकंडहँड घेतली तरी चालते, पण बिल आणि बदलून देण्याची मुदत लिहून घ्यावी.

दरांचंही भान ठेवावं. २०२५च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढल्याने जगभर रॅम महागली. मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशियल’ हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याने किती रुपयांत रॅम टाकली, तो आकडा धरून बसू नये. दोन-तीन ठिकाणी भाव विचारून मगच ठरवावं.

हिशेब कसा मांडावा?

मशीन घेताना किती हजार मोजले, हे आता विसरावं. तो पैसा गेला. पाहायचं ते एवढंच, की आज घातलेला रुपया किती महिने चालेल. समजा रॅम आणि मजुरी मिळून ३,००० रुपये झाले आणि मशीन दोन वर्षं चाललं, तर महिन्याला १२५ रुपये पडले. नवीन मशीन ३६,०००चं आणि सहा वर्षं चालणारं धरलं, तर महिन्याला ५०० रुपये. पहिला सौदा स्वस्त. पण तेच जुनं मशीन सहा महिन्यांत बसलं, तर महिन्याचे ५०० रुपये झाले, म्हणजे नव्याइतकेच, आणि हातात नवं काहीच नाही. हे आकडे रीत समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या दुकानदाराचा भाव त्यात घालून बघावा.

म्हणूनच रॅम घेण्याआधी मशीनची बाकी तब्येत पाहावी. बोर्डावरचे कपॅसिटर वरून फुगलेत का, एसएमपीएसचा पंखा कुरकुरतो का, दर बूटला तारीख-वेळ चुकते का? शेवटची खूण साध्या सेलची असते, सीआर२०३२ हा सेल बदलला की झालं. पण फुगलेले कपॅसिटर असलेल्या बोर्डावर रॅमचा खर्च करू नये.

थोडक्यात

- ६४-बिट विंडोज, एसएसडी लावलेली, रॅम ४ जीबी आणि ती रोज ९० टक्के भरते : दुसरी ४ जीबीची स्टिक घ्यावी.
- रॅम ४ किंवा ८ जीबी, मेमरी निम्मी रिकामी, डिस्क १०० टक्के : आधी एसएसडी.
- ३२-बिट विंडोज, ४ जीबी आधीच लावलेली : नुसत्या रॅमने काही होणार नाही.
- जी३१सारखा जुना बोर्ड, डीडीआर२ : खर्च करू नये. टायपिंग, गाणी किंवा मुलांच्या सरावापुरतं आहे तसं वापरावं.
- बँक आणि कराचं काम, पण विंडोज ११ न बसणारं मशीन : रॅमचे पैसे नव्या किंवा चांगल्या रिफर्बिश्ड मशीनसाठी बाजूला ठेवावेत. ते घेताना विंडोज ११ला चालणारा प्रोसेसर आहे का ते विचारावं.
- मशीन मध्येच बंद पडतं किंवा बीप वाजतात : आधी खोडरबर, मग टेस्ट, मग खरेदी.

निर्णय काहीही झाला, तरी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर फाइलची नक्कल आजच घ्यावी. रॅम बाजारात मिळते. दहा वर्षांचा हिशेब आणि घरचे फोटो मिळत नाहीत.